ओ गट, पण अँटीबॉडी कुठे?

रक्तपेढीत दुपारच्या पाळीला मुलांच्या वॉर्डातून सॅम्पल आलं. चार वर्षांचा मुलगा, छातीत पू, ऑपरेशनसाठी रक्त हवं. फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये, म्हणजे त्याच्या लाल पेशी तपासून, गट ओ आला. रिव्हर्सला, म्हणजे उलट पडताळणीला, त्याच्या सीरममध्ये ए आणि बी गटाच्या लाल पेशी घातल्या, तर दोन्ही नळ्यांत गुठळीचा पत्ता नाही.

ओ गटात अँटी-ए, अँटी-बी दोन्ही असतात, म्हणजे ए आणि बी गटाच्या पेशींना चिकटून गुठळी करणाऱ्या अँटीबॉडी. आतड्यातल्या जिवाणूंवर ए-बीसारख्या साखरा असतात. त्यांच्याशी गाठ पडली की बी पेशी (रक्तगटाच्या नव्हे, अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) पहिल्या काही महिन्यांतच या अँटीबॉडी बनवू लागतात. म्हणून तान्ह्या बाळाचं रिव्हर्स आम्ही धरत नाही. पण चार वर्षांचा मुलगा?

अदलाबदल झाली असेल म्हणून नवं सॅम्पल मागवलं. तेच. क्षीण अँटीबॉडी थंडीत तरी दिसेल म्हणून नळ्या ४ अंशांवर ठेवल्या, सोबत तुलनेला ओ पेशींचा कंट्रोल. पेशी सुट्या त्या सुट्याच.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "वॉर्डात फोन लाव. आधीची आजारपणं विचार."

रेसिडेंट डॉक्टर घाईत होते. न्यूमोनिया पूर्वीही झालेला, कान सतत वाहतो, सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ठीक. ठीक दिसणारच! त्यांत बहुतेक टी पेशी. बी पेशी थोड्याच, त्या नसल्या तरी आकडा फारसा हलत नाही. मग ते सहज बोलून गेले, "याचा मामाही लहानपणी न्यूमोनियानेच गेला म्हणे."

मॅडमनी फोन घेतला. "घशात टॉन्सिल दिसतात का, बघा."

जवळजवळ नव्हत्याच. टॉन्सिल मुख्यतः बी पेशींनीच भरलेल्या असतात.

पुढे आयजीजी (रक्तातली मुख्य अँटीबॉडी) नगण्य निघालं, पेशींचे प्रकार मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत बी पेशी सापडल्या नाहीत. ब्रूटनचा आजार. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली तो आठ वर्षांच्या मुलात नोंदवला. एक्स गुणसूत्रावरचं, म्हणजे मुलाला आईकडूनच मिळणारं, बीटीके जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते बिघडलं की बी पेशी अस्थिमज्जेतच अडतात. आईकडून आलेलं आयजीजी पहिले काही महिने तारून नेतं, मग न्यूमोकॉकससारखे कवचवाले जिवाणू मोकाट सुटतात. अँटीबॉडी चिकटल्याशिवाय पांढऱ्या पेशींना ते नीट गिळता येत नाहीत.

आता दर तीन-चार आठवड्यांनी त्याला आयव्हीआयजी लागतं, म्हणजे शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी, हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं. त्यातून दात्यांची अँटी-ए, अँटी-बीही येते, म्हणून त्याच्या नोंदीपुढे मी लाल शाईने लिहिलं: रिव्हर्सवर विसंबू नये. आणि वॉर्डातून त्याच्या आईला बजावलं गेलं, पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो, ते याला नाहीत, घरातल्या धाकट्यालाही नाहीत. इंजेक्शनची लसच घ्यायची.