लसूण पाण्यात, हळद तेलात

पनवेल-पालघरकडे रोहू-कटला पाळणाऱ्यांचे फोन बहुतेक वेळा मासा पोट फुगून वर आल्यावरच येतात. खवले उभे, अंगावर लाल जखमा, शेपटी झडलेली, आणि प्रश्न एकच: लसूण-हळद चारू का? उत्तर कठोर वाटेल, पण आता नाही. आजारी मासा खातच नाही, मग खाद्यातली लसूण-हळद त्याच्या पोटात जाणार कशी?

या जखमांमागे बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू असतो. तो तळ्यात कायमच असतो. मासा अशक्त झाला की तो डोकं वर काढतो. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी, ऑक्टोबरच्या उकाड्याआधी किंवा जाळं ओढून मासे हलवण्याआधी दोन-तीन आठवडे वनस्पतींचं खाद्य सुरू करायचं. यात मुख्य भर माशाची प्रतिकारशक्ती वाढवण्यावर असतो, जिवाणू मारण्यावर नाही. त्याला वेळ लागतो.

हिशेब करून दाखवतो. सरासरी 200 ग्रॅमचे 1000 रोहू म्हणजे 200 किलो मासा. वजनाच्या अडीच टक्क्यांनी रोजचं खाद्य 5 किलो. त्याला सोललेला ताजा लसूण 50 ग्रॅम आणि हळद 10 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 10 आणि 2 ग्रॅम.

लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा. पाकळी फुटल्यावर त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ॲलिसिन हे द्रव्य तयार होतं, आणि कामाचं तेच. लसूण उकळला किंवा भाजला तर विकर मरतं. त्यामुळे खाद्याची गोळी बनण्याआधी पिठात लसूण घालण्यात फारसा अर्थ नाही, यंत्रातली उष्णता तो वाया घालवते. बाजारातली आलं-लसूण पेस्टही नको, तिच्यात मीठ असतं. ठेचलेला लसूण पाव लिटर गार पाण्यात कालवून गाळा आणि गोळ्यांवर फवारा. पाणी याहून जास्त झालं तर गोळी मऊ पडून फुटते. अर्धा तास सावलीत पसरून ठेवा.

हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातलं कामाचं पिवळं द्रव्य, पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती पाण्यात कालवू नका. ती 75 मिली माशाच्या किंवा सोयाबीनच्या तेलात घोळून शेवटी चोळा. तेलाचा थर लसणालाही आत धरून ठेवतो. वाळवायचं सावलीतच, उन्हात कर्क्युमिनचा ऱ्हास होतो. हळद वाशीच्या मसाला बाजारातून अख्खी घेऊन दळा, तयार पुडीत रंगाची भेसळ सापडते.

थर बसला का, ते काचेच्या ग्लासात बघा. मूठभर गोळ्या पाण्यात टाका. पाच मिनिटांत पाणी पिवळं झालं तर हळद माशाऐवजी तळ्याला चारली असं समजा. तेल नीट चोळलेलं असेल तर पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं.

एका वेळी एका दिवसापुरतंच करा. ओलसर गोळीला बुरशी लागते आणि बुरशीचं विष यकृत बिघडवतं, म्हणजे औषधाच्या नावाखाली रोगच चारल्यासारखं. तीन आठवडे दिलं की दोन-तीन आठवडे थांबा, सतत देऊ नका. खाद्यात कडुलिंब घालणार असाल तर सांभाळून, जास्त झाला तर तो माशालाच बाधतो.

पाणी बिघडलेलं असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. पहाटे विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर आधी एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावा.

मरतूक सुरूच झाली असेल तर खाद्य कमी करा आणि कुणी सांगितलं म्हणून अँटिबायोटिक टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान मत्स्यपालनात बंदच आहेत. वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथे मत्स्यरोगांचं संशोधन चालतं. तपासणी कुठे करता येईल ते तिथे विचारून घ्या. नमुना म्हणून आजारी पण जिवंत मासा न्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. मेलेल्या माशात कुजवणारे जिवाणू इतके वाढलेले असतात की खरा गुन्हेगार सापडत नाही.