आमची वाटचाल: उडालेला रंग आमचा नव्हता

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातलं मायनिंग बंद झालं आणि डिचोलीतल्या कितीतरी घरांसारखी आमचीही कमाई टिपरसोबत (खनिज वाहणाऱ्या ट्रकसोबत) अंगणात उभी राहिली. हा टिपर ज्यांच्या गॅरेजात दुरुस्तीला जायचा, ते मामा (सख्खे नव्हेत, गावाचेच मामा) म्हणाले, "मोटर पडून आहे. ओझं वाहिलंस तेवढं पुरे, आता दगड काप."

पहिली करवत मामांनीच जोडली. पंपाची जुनी मोटर, डायमंड ब्लेड, खाली पाण्याची घमेली. दगड घोळवून गुळगुळीत करणाऱ्या टंबलरचं पिंप जाड पीव्हीसी पाइपचं, आतून टायरच्या ट्यूबचं अस्तर. त्यात घासायची ग्रिट, म्हणजे कणीदार पूड, ८०, २२०, ५०० नंबरची (आकडा मोठा तशी पूड बारीक) आणि शेवटी चकाकीसाठी सेरियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला आठवडाभर घरघर, शेजाऱ्यांचे शब्द वेगळे. नवशिक्यांनी एवढं तरी ऐकावं: ग्रिट बदलताना दगडच नव्हे, पिंपसुद्धा ब्रशने घासून धुवा. ८० चा एक कण मागे राहिला तर महिन्याच्या मेहनतीवर ओरखडे उठतात.

पुढची काही वर्षं बरी गेली.

म्हापशाच्या बाई आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर नदीकाठ पालथे घालायला लागल्या. चवथ आटोपून पाऊस ओसरला की पिशवी घेऊन हजर. टेबलावर ओतायच्या आणि म्हणायच्या, "सांग बघू, यात जास्पर किती?" जास्पर म्हणजे बहुधा लाल-तपकिरी, उजेड न जाणारा शोभेचा दगड. बहुतेक वेळा एकही नसे. डिचोली-सत्तरीच्या डोंगरांतला लाल-काळ्या पट्ट्यांचा दगड लोक हमखास जास्पर म्हणून आणतात. हातात घेताच वजन कळतं, कारण त्यात लोहखनिज असतं. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला तर तांबडी रेघ उमटते. जास्पर तशी रेघ देत नाही, उलट टाइललाच ओरखडतो. सुरीच्या टोकाने त्याच्यावर चरा पडत नाही, काचेवर मात्र तो चरा पाडतो, कारण मोहसच्या दहापैकी मापावर त्याचा कठीणपणा साडेसहा ते सात.

अकीकही (इंग्रजीत अगेट) त्याच घराण्यातला, बारीक कणांच्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा. फरक उजेडात दिसतो. पातळ कडेमागे टॉर्च धरा: अकीकातून उजेड झिरपतो, जास्परमधून नाही. दोन्ही एकाच दगडात असले तर भांडत बसू नका, जास्प-अगेट म्हणा. साखरेसारखा कणीदार चमकला तर क्वार्ट्झाइट. सौम्य अॅसिडच्या थेंबाने फसफसला तर कॅल्साइट, मग दुकानदार त्याला ऑनिक्स का म्हणेना. आमचा चांगला अकीक घाटापलीकडून येतो, दख्खनच्या बसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांत भरलेला. गोव्याचा बहुतेक खडक त्याहून कितीतरी जुना आहे, म्हणून इथल्या ओहोळात अकीक मिळाला नाही तर रुसू नये.

आता तो माणूस. किनाऱ्याकडे त्याचं दुकान. दोन हंगाम आमच्याकडून ब्रेसलेट उधारीवर नेली. मग दुसरीकडून स्वस्त गुलाबी आणि निळा माल आणला, पण डब्यात आमचंच कार्ड ठेवत राहिला. घामाने एका पर्यटक बाईंच्या मनगटावर गुलाबी रंग उतरला आणि आमच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. हंगामाच्या तोंडावर माल परत येऊ लागला. विचारायला गेलो तर म्हणाला, "बाब, दगड तर तुमचाच ना?" बँकेचा हप्ता थकला. टिपर विकला. मामांनी न विचारता त्यांचा वेल्डिंग सेट मोडीत काढला आणि ब्लेडचे पैसे माझ्या हातात ठेवले.

म्हापशाच्या बाई नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन त्याच्याच दुकानात गेल्या, मला सोबत घेऊन. त्याच्या मण्यावर फिरवलेला कापूस गुलाबी झाला, आमच्यावरचा पांढराच राहिला. तो म्हणाला, "तुम्ही आधी धुऊन आणलाय." त्याला मी भिंगातून दाखवलं: रंग भेगांत साचलेला, सच्छिद्र पट्टे गच्च रंगलेले आणि घट्ट पट्टे पांढरे. प्रत्येक रंग कापसावर येतोच असं नाही, काही क्षार आतच बसतात, म्हणून भिंग लागतंच. त्याने पाहिलं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रंगवलेला दगड विकणं पाप नाही, आम्हीही विकतो. काळा ऑनिक्स (हा मात्र अकीकच) साखरेच्या पाण्यात मुरवून सल्फ्युरिक अॅसिडने काळा करतात, कार्नेलियन, म्हणजे तांबूस अकीक, तापवून लाल होतो. फक्त आमच्या चिठ्ठीवर 'रंगवलेला' किंवा 'तापवलेला' लिहिलेलं असतं. त्यामुळे गिऱ्हाईक गेलंही, परत आलंही.

धंद्यात येणाऱ्यांना आणखी एक: कोरडं कापू नका. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांची फुप्फुसं सिलिकाच्या धुळीने गेली आहेत. पाणी सोडा, वर मास्कही लावा. आमच्याकडे कामाला येणारा पोरगा मास्क गळ्यात अडकवून फिरतो, त्याची मजुरी कापायची धमकी मामा रोज देतात.

त्या माणसाची उधारी अजून आलेली नाही. दर पाडव्याला नवी वही उघडली की पहिली ओळ त्याचीच उतरवतो.