मांडव्याच्या वाटेवरचं ते चॅनल

आज मित्राच्या शिडाच्या बोटीने कुलाब्याहून मांडव्याला गेलो आणि खरं सांगू का, वारा-लाटा राहिल्या बाजूला, सगळं लक्ष चॅनलमधून, म्हणजे मोठ्या जहाजांच्या खोल पाण्याच्या वाटेने, न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनर जहाजांवरच. लांबून वाटतं उभंच आहे, पण 12 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) येणारं जहाज 5 मिनिटांत एक सागरी मैल कापतं आणि आपण आपले 4 नॉटवर डुलतोय.

मित्राने हँड कंपासने जहाजाचं बेअरिंग, म्हणजे ते किती अंशांच्या दिशेला दिसतंय ते, घ्यायला लावलं, थोड्या वेळाने परत. आकडा बदलतोय तर ठीक, आकडा तोच आणि जहाज मोठं मोठं होतंय म्हणजे टक्कर ठरलेली. एआयएसवर (आसपासच्या जहाजांची जागा आणि वेग दाखवणारी रेडिओ यंत्रणा) पण दिसतं म्हणा, पण छोट्या होड्यांवर ते बहुतेक नसतंच, त्यामुळे डोळे उघडे पाहिजेतच.

मी म्हटलं, अरे शिडाला वाट इंजिनवाल्याने द्यायची ना? हसला. अरुंद चॅनलमध्ये शिडाच्या किंवा 20 मीटरपेक्षा छोट्या बोटीने मोठ्याला अडवायचं नाही, समुद्रातल्या टकरी टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 9. पटलं मला, कारण ते चॅनलबाहेर गेलं तर रुतणार, थांबायचं तर मैलभर लागणार, आणि वर कंटेनर एवढे रचलेले की नाकासमोरचं पाणी ब्रिजवरून (जहाज जिथून चालवतात ती खोली) दिसतच नाही.

मग शीड सैल सोडलं, साहेबांना जाऊ दिलं आणि त्यांच्या मागून काटकोनात क्रॉस केलं. एक स्पीडबोटवाला मात्र बिनधास्त पुढून गेला, धन्य आहे!

रात्री कोणी क्रॉस केलंय का इथून? जहाजाचे लाल-हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले की ते सरळ आपल्यावरच येतंय एवढं कळलं, बाकीचं कमेंटमध्ये सांगा.