गिरनार, बाबांची माळ आणि दहा हजार पायऱ्या

आमच्याकडे बाबा रोज अंघोळ झाली की चहाच्या आधी एक माळ करतात, दत्ताच्या नावाची. गेली काही वर्षं मीही करते पण खरं सांगते, बोटं मणी सरकवत असतात आणि डोक्यात ऑफिसचं चाललेलं असतं. यंदा गुजरातमधल्या गिरनार पर्वतावर दत्ताच्या पादुकांच्या दर्शनाला जायचं ठरलं, बाबांचे गुडघे काही साथ देणार नव्हते, म्हणून त्यांनी त्यांची माळ माझ्याकडे दिली आणि म्हणाले, पादुकांना लावून आण.

पादुका जिथे आहेत त्या गुरुशिखरापर्यंत, म्हणजे दत्तशिखरापर्यंत, साधारण १०,००० पायऱ्या आहेत. २०२० पासून वाटेतल्या अंबाजीच्या मंदिरापर्यंत रोपवे आहे, म्हणजे जवळपास निम्म्या वाचतात, पण मी ठरवलं की जाताना पायीच आणि प्रत्येक पायरीला एक नाम. हिशोबसुद्धा करून ठेवला होता, १०८ ने भागलं तर साधारण साडेब्याण्णव माळा होतात. जुनागढला उतरून पायथ्याशी भवनाथ तळेटीला रूम घेतली आणि रात्री एकला निघालो, उन्हाच्या आत चढायचं तर रात्रीच निघावं लागतं. तळेटीला काठी मिळते ती नक्की घ्या, उतरताना तिच्याशिवाय काही खरं नाही.

पहिल्या हजार पायऱ्या छान गेल्या. मग दम लागला, नाम अर्धं तोंडात अर्धं श्वासात, मणी सरकवला की नाही तेच कळेना, मग पायऱ्यांवर रंगवलेले आकडे बघून हिशोब जुळवायला लागले, आणि तो चुकला की अगदी रडू यायचं, वाटायचं बाबांनी एवढ्या विश्वासाने माळ दिलीय आणि आपल्याकडून एवढंही होत नाही.

जैन देरासरांच्या, म्हणजे मंदिरांच्या, अलीकडे एका वळणावर अशीच टेकले होते, तर एक काका पाठीवर भरलेलं पोतं घेऊन वर आले. वरच्या दुकानांचा माल असा माणसांच्या पाठीवरून जातो हे मला माहीतच नव्हतं. पोतं कठड्याला टेकवून ते म्हणाले "जय गिरनारी", मीही म्हटलं. हातातली माळ आणि माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं काय झालं, मी मोडक्या हिंदीत सांगितलं की गिनती चुकली. तर ते म्हणाले, "बेन, गिनोगे तो थक जाओगे. मैं कभी नहीं गिनता." एवढंच बोलले, पोतं उचललं आणि पुढे गेले, दर थोड्या वेळाने वरून त्यांचं "जय गिरनारी" ऐकू येत होतं.

मी माळ गळ्यात घातली आणि त्या आवाजामागून चालायला लागले. अंबाजीला पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. पुढे गोरखनाथांचं शिखर, गुजरातमधलं सगळ्यात उंच, आणि तिथून पुन्हा बऱ्याच पायऱ्या खाली उतरून मग दत्तशिखराची शेवटची खडी चढण, तिथे वारा असा की पदर सावरू की कठडा धरू असं होतं. या सगळ्यात नाम किती झालं मला खरंच सांगता येणार नाही, पण ते थांबलं नव्हतं एवढं नक्की.

वर जागा अगदी लहान, मागे रांग, पादुकांसमोर जेमतेम काही क्षण मिळाले. गुरुजींनी माळ पादुकांना लावून परत दिली. खाली कमंडलू कुंडाला प्रसाद घेतला, तिथल्या धुनीत दर सोमवारी पिंपळाची लाकडं रचतात आणि ती आपोआप पेटते अशी श्रद्धा आहे, आम्ही बुधवारी गेलो होतो त्यामुळे भस्म तेवढं मिळालं. अंबाजीहून मात्र रोपवेनेच उतरलो.

घरी आल्यावर बाबांनी माळ डोळ्यांना लावली. मला वाटलं आता दर्शनाचं विचारतील. पण गिनतीचं सांगितलं तसे ते हातातला चहा तसाच ठेवून विचारत बसले, ते पोतेवाले काका किती वयाचे होते, रोज चढतात का, उतरताना परत भेटले का.