तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीला भीती नाही वाटत?

वाटते.

हे आधीच सांगून टाकते, कारण लग्नघरात, स्टाफरूममध्ये, गिरणीवर दळणाच्या रांगेत मला हेच विचारलं जातं: सायकलवर एकट्या पद्मालयाच्या गणपतीपर्यंत जाता, भीती नाही वाटत? 'नाही' म्हटलं तर 'धाडसी हो तुम्ही' म्हणून विषय संपतो. 'हो' म्हटलं की पुढचं वाक्य तयारच असतं, मग जाता कशाला?

जाते, कारण तो रस्ता मला आवडतो. शिरसोली, म्हसावद, गिरणेचा पूल आणि मग एरंडोलच्या बाजूचा डोंगर, जळगावहून साधारण 30 किलोमीटर. गाडीतून हे सगळं काचेबाहेर सरकून जातं. सायकलवर काळी जमीन कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो ते पायांना कळतं. वर तळं, तळ्यात कमळं, काठाला काळ्या दगडाचं देऊळ. आत दोन गणपती शेजारी शेजारी, एकाची सोंड डावीकडे, एकाची उजवीकडे. चतुर्थीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी साध्या वारी जाते. पायऱ्यांवर बसून दशमी खाते. पुढे भीमकुंडाकडे जाते, परतताना एरंडोलवरून येते. कधी वाकडी वाट करून फरकांड्याचे झुलते मनोरे पाहते. एक हलवला की दुसरा हलायचा अशी त्यांची ख्याती. त्यांतला एक आता पडला आहे, उरलेल्यासमोर मी दरवेळी थांबते.

आता त्या दिवसाबद्दल. तुमच्यातल्या अनेकांना तो उडत उडत माहीत आहे आणि प्रश्न विचारताना मनात तोच असतो.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. या भागात हे नेहमीचं. चाक काढलं, ट्यूब बाहेर घेतली, काचकागदाने घासायला बसले. तेवढ्यात मोटरसायकलवर दोन पोरं आली, पुढे गेली, वळून परत आली. एकाने माझी पाण्याची बाटली काढून तोंडाला लावली. दुसऱ्याने मोबाईल माझ्यावर धरला. 'काकू, आम्ही लावून देऊ का?' दोघं हसले. मी ट्यूब घासत राहिले. पंक्चरच्या जागेपेक्षा कितीतरी मोठा भाग घासून खरबरीत केला, कारण हात थांबले असते तर ते थरथरताना त्यांना दिसले असते. सोल्युशन लावलं. ते जरा वाळू द्यावं लागतं, मग ठिगळ बसतं. ती दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. फोन हँडलच्या पिशवीत होता आणि पिशवी त्यांच्या बाजूला.

कपाशीतून एक बाई बाहेर आली. कमरेला कापसाने भरलेली ओटी, डोक्याला फडकं. तिच्यामागे आणखी दोघी. तिने पोरांकडे पाहून एवढंच विचारलं, 'कोनता गावना शेतस रे तुम्ही?' उत्तर आलं नाही. तिघी बांधावर बसल्या, जणू विसाव्यालाच आल्या होत्या. बाटली रस्त्यावर टाकून पोरं निघून गेली. मी ठिगळ दाबलं, चाक बसवलं, हवा भरली. बाई म्हणाली, 'कोठे चालनी व माय, येकलीच?' पद्मालय म्हटलं. ती म्हणाली, 'जाय मंग.' आणि मी गेले. वर गेले, तळ्याकाठी बसले, खाल्लं काहीच नाही.

लोकांना वाटतं की त्या पोरांमुळे मी कायमची धास्तावले असेन. मला जास्त लागलं ते संध्याकाळी घरी. सगळं सांगितल्यावर नवरा ओरडला नाही. म्हणाला, 'म्हणूनच सांगत होतो.' मग सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. तो वाईट माणूस नाही. त्या रात्री तोही झोपला नाही, हे मला माहीत आहे. पण कुलूप लागलं ते माझ्या सायकलला. त्या दोघांच्या मोटरसायकलला कुणी लावलं नाही.

एरंडोल म्हणजे जुनी एकचक्रानगरी, असं आमच्याकडे मानतात. बकासुराला गावाने पाळी लावून दिली होती: गाडाभर अन्न, गाडीचे बैल आणि एक माणूस. भीम आला नसता तर ती पाळी चालूच राहिली असती आणि गाव तिला शहाणपण म्हणालं असतं. त्या आठवड्यात ही गोष्ट सारखी डोक्यात येत होती. शेवटी सायकल उचलून दुकानात नेली आणि कुलूप कापून घेतलं. घरात बरेच दिवस अबोला होता.

पूर्वी महिला मंडळात मी ठासून सांगायचे, 'भीती मनात असते, बाहेर पडा, ती जाते.' आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. भीती रस्त्यावर होती, मोटरसायकलवर बसून आली होती, आणि गेली ती तीन बायका बांधावर बसल्या म्हणून. त्या दुसऱ्या शेतात असत्या तर? यावर मला उत्तर सापडलेलं नाही. तरी जाते. म्हसावदला पोचले की घरी फोन करते. ही अट नवऱ्याची. मी ती मान्य केली, पण मनापासून नाही.

आता भाची विचारते, 'मावशी, पद्मालयाला मी एकटी जाऊ?' तिच्या आईने मला बाजूला घेऊन 'नाही म्हण' असं सांगितलंय. तुमचा प्रश्न मला अवघड जात नाही. तिचा जातो, आणि तिला मी अजून हो म्हटलेलं नाही की नाही म्हटलेलं नाही.