ओहेअरच्या गेटवरची वेटिंग लिस्ट

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेटजवळ एक पडदा असतो. विमानाची वेळ, तिकडचं हवामान, बोर्डिंग कुठवर आलंय हे सगळं त्यावर फिरत राहतं आणि मध्येच स्टँडबायची, म्हणजे ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या सीटसाठी थांबलेल्यांची, यादी येते. आडनावाची पहिली तीन अक्षरं, नावाचं एक अक्षर, शेजारी नंबर. किती सीट शिल्लक आहेत तो आकडाही तिथेच. ज्याला सीट मिळाली त्याच्या नावापुढे बरोबरची खूण येते आणि ती सगळ्यांना दिसते. गेल्या महिन्यात त्या यादीत माझं नाव होतं. तेव्हापासून ती यादी डोक्यातून जात नाही.

बायपासनंतर काकूंना दवाखान्यातून घरी सोडणार होते. सकाळीच सोडू म्हणाले होते, म्हणून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला, माझ्या घरी, परतायचं तिकीट दुपारचं होतं. पण डिस्चार्जच्या कागदांना वेळ लागत गेला. काका पंचाहत्तरी उलटलेले, घरात दुसरं कुणी नाही. "तू नीघ गं, मी बघतो," असं ते म्हणत होते, पण हातातली औषधांची यादी पुन्हा पुन्हा वाचत होते. काकूंना घरात नेऊन, औषधं डब्यात लावून, दोघांना जेवायला वाढूनच निघायचं असं मी ठरवलं. रात्रीचं शेवटचं विमान ॲपमध्ये पाहिलं तर फुल्ल. राहिला स्टँडबाय.

विमान आधीचं हवं की नंतरचं, यावर इथे सगळं अवलंबून असतं. आधीच्या विमानासाठी यादीत नाव घातलं तर धोका काहीच नाही. सीट मिळाली तर लवकर घरी, नाही मिळाली तर आपलं मूळ विमान आहेच. नंतरच्या विमानाचं तसं नाही. मूळ विमान निघून गेलं की हातात काहीच उरत नाही, आणि शेवटच्या विमानात जागा झाली नाही तर रात्र विमानतळावर. काही कंपन्या नंतरच्या विमानासाठी स्टँडबाय देतच नाहीत. मी मूळ विमान सुटायच्या आत फोन करून नोंद बदलून घेतली. गप्प बसून विमान चुकवलं तर 'नो-शो' लागतो आणि तिकिटाचे पैसे बुडू शकतात.

पूर्वी अशा बदलांना चांगलेच पैसे पडायचे. करोनाच्या वर्षात, 2020 च्या ऑगस्टमध्ये, युनायटेड एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरचं बदलाचं शुल्क काढून टाकलं आणि 1 जानेवारी 2021 पासून त्याच दिवसाचा स्टँडबायही सगळ्यांना फुकट केला. डेल्टा आणि अमेरिकन एअरलाइन्सनेही लगोलग बदलाचं शुल्क काढलं. रिकाम्या विमानांच्या धास्तीने सुरू झालेली सवलत विमानं भरल्यावरही टिकली, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

माझ्याजवळ फक्त हातातली बॅग होती, तेही बरं झालं. बॅग चेक-इन केली असती तर ती माझ्याआधीच रॅलेला जाऊन पडली असती. आंतरराष्ट्रीय प्रवासात माणूस चढला नाही तर त्याची बॅग उतरवतात. 1985 मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानात आणि 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर विमानात बॅगेतल्या बॉम्बचे स्फोट झाले, त्यानंतर ते नियम कडक झाले. अमेरिकेच्या देशांतर्गत विमानात तशी सक्ती नाही.

तर गेटवर. त्या संध्याकाळी शिकागोवर वादळी पाऊस होता. माझ्या दृष्टीने ते चांगलंच होतं, कारण बाहेरून येणारी विमानं रखडली की त्यातल्यांचं पुढचं विमान चुकतं आणि त्या सीट यादीतल्यांना मिळतात. गेटवरची बाई साठीच्या आसपासची असेल. समोर लोक अक्षरशः तिच्या अंगावर जात होते. कुणी कार्ड दाखवत होतं, कुणी आवाज चढवत होतं. ती प्रत्येकाला पडद्याकडे बोट करून तेच सांगत होती: यादी तिथे आहे, मला दिसतं तेच तुम्हाला दिसतंय. मला त्या बाईबद्दल फार आदर वाटला. तिने कुणाला बाजूला बोलावलं नाही, कुणाच्या कानात काही सांगितलं नाही. आणि लोक शांत होत होते! पाचव्या नंबरचा माणूस चौथ्याला सीट मिळाल्यावर चिडत नव्हता, कारण चौथा चौथाच होता हे त्याने तासभर डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

यादी सगळ्यांसाठी सारखी मात्र नसते. नंबर लागताना आधी कंपनीचे सोनेरी-चंदेरी कार्डवाले, मग महागडं तिकीट काढलेले, आणि त्यानंतर कोण आधी आलं ते. फुकट प्रवास करणारे कंपनीचे कर्मचारी पैसे भरलेल्यांच्या मागे. म्हणजे मी दुपारी नोंद केली आणि एखादा गोल्डवाला सूट घालून संध्याकाळी उगवला, तर तो माझ्या वर. त्या रात्री तसं झालंही. इथल्या समानतेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. पैशाची रांग वेगळी आहे आणि ती पुढेच आहे. फरक इतकाच की ती उघड आहे.

शेजारच्या गेटवर जास्तीची तिकिटं विकली गेली होती आणि तिथली माणसं विचारत होती, उद्या सकाळी जायला कोण तयार आहे, इतक्या डॉलरचं व्हाउचर देतो. आकडा वाढवत नेत होते. हा चांगुलपणा नाही, नियम आहे, आणि त्यासाठी लोक भांडले आहेत. 1972 मध्ये ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांना तिकीट असूनही अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सने विमानात घेतलं नाही. ते कोर्टात गेले आणि 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना दावा चालवू दिला. जबरदस्तीने कुणाला उतरवण्याआधी स्वेच्छेने राहणारे शोधा, ही कल्पना ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाची. 1978 मध्ये तिचा नियम झाला. तिकीट असून विमानात घेतलं नाही तर आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, ठरवलेली भरपाई आहे, 10 आणि 20 हजार रुपयांच्या कमाल मर्यादेची, पण ती मागायची असते हे किती जणांना ठाऊक आहे?

माझ्या खाली दोन नावं, आणि त्यांच्या खाली एक पन्नाशीची बाई होती. तिच्या बहिणीचा अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी होता. तिने ते गेटवरच्या बाईला सांगितलं, मी जवळच उभी होते. गेटवरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं, तिचा हात धरला, आणि यादीत वर घेता येणार नाही म्हणून सांगितलं. पहाटेच्या पहिल्या विमानात मात्र तिला पक्की सीट काढून दिली. थोड्या वेळाने माझ्या नावापुढे खूण आली आणि मी विमानात चढले. मी थांबले असते तरी ती सीट तिला मिळाली नसती, मधल्या दोघांपैकी पहिल्याला मिळाली असती. हे मी तेव्हाही जाणून होते आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

पण आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये काय झालं असतं याचा विचार मी विमानात करत राहिले. मिरजेहून मुंबईला निघालेल्या एखाद्या बाईने टीसीला बहिणीचं असं सांगितलं असतं, तर त्याने कुठेतरी तिला टेकायला जागा केली असती. डब्यातल्या कुणीतरी सरकून बसवून घेतलं असतं. आरएसी ही तर आपल्या रेल्वेची फार मोठ्या मनाची सोय आहे. एका साइड लोअरवर दोघं, रात्र अवघडून जाते, पण दोघंही पोचतात. विमानात हे शक्य नाही ते मान्य. पण इथले लोक 'वेटिंग' शब्द ऐकून हसतात तेव्हा मला राग येतो. पीएनआर टाकला की आपला नंबर कळतो, चार्ट लागला की निकाल कळतो. 2015 पासून विकल्प योजना आहे, एका गाडीत जागा नाही मिळाली तर दुसऱ्या गाडीत देण्याची. रोज इतक्या लोकांची इतकी मोठी रांग सांभाळणारी व्यवस्था जगात फार नसतील.

आमच्या आजीला टाटा हॉस्पिटलला न्यायचं होतं तेव्हा बाबांनी आमदारांचं पत्र आणलं आणि इमर्जन्सी कोट्यातून तिला खालची बर्थ मिळाली. त्यात बाबांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. कॅन्सरच्या पेशंटला वेटिंगवर ठेवणारी रांग मला नको आहे. ओहेअरवर बहिणीच्या अंत्यविधीला निघालेल्या त्या बाईसाठी असा कोटा असता तर मी आनंदाने खाली सरकले असते. तो कोटा आपल्याकडे आहे, त्याचा मला अभिमान आहे.

मला हवं आहे ते एवढंच, की तो कोटा आमच्या डोळ्यांसमोर वापरला जावा. चार्ट लागला की त्या कोट्यातून किती बर्थ दिल्या आणि प्रत्येक बर्थ कोणत्या कारणाने दिली हे स्टेशनवरच्या बोर्डवर आणि पीएनआरच्या पानावर लावा. नावं नकोत. आजारपण, मृत्यू, सरकारी काम, खासदारांचं पत्र, जे असेल ते लिहा. वेटिंग दोनवर अडकलेला माणूस 'आजारपण' वाचून निमूट बसने जाईल. 'पत्र' वाचलं तर प्रश्न विचारेल, आणि तो विचारायचा हक्क त्याला आहे.