तुम्ही विचारलंत म्हणून: माझा २४३० चा ताळा

मार्च लागला की मला एक प्रश्न हमखास येतो. ऑफिसात येतो, न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळातल्या कँटीनमध्ये डोशाच्या रांगेत उभी असताना येतो, आणि मिरजेहून वहिनीचा फोन आला तर तब्येतपाणी झाल्याझाल्या येतो, "काय गं, यंदा तुझे मेट्स किती मॅचेस जिंकणार?" मेट्स म्हणजे इथली माझी बेसबॉल टीम. मी आकडा सांगते. मग खरा प्रश्न येतो, "दर वर्षी चुकतं ना तुझं? मग करतेस कशाला?"

इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

पाडव्याला आमच्या घरी अण्णा पंचांग उघडून वर्षफल वाचायचे, पाऊस किती, धान्य कसं, राजा कोण मंत्री कोण. कुणाचा फार विश्वास होता असं नाही, पण कडुलिंब खाऊन झाल्यावर ते ऐकल्याशिवाय वर्ष लागायचं नाही. आता योगायोग बघा, बेसबॉलचा सीझनही पाडव्याच्या आसपासच सुरू होतो. यंदा, म्हणजे २०२६ ला, पाडवा १९ मार्चला आणि मेट्सची पहिली मॅच २६ ला. तर माझ्या घरी गुढी खिडकीत, श्रीखंड (विकतचं) फ्रीजमध्ये आणि डायनिंग टेबलवर माझी वही. तीस टीम्स, प्रत्येकीपुढे एक आकडा. हेच माझं संवत्सरफल.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहायला आले तेव्हा बेसबॉल म्हणजे मला बॅट गोल असलेलं क्रिकेट वाटायचं. ७ नंबरच्या ट्रेनने ये-जा करायची, शेवटून दुसरं स्टेशन स्टेडियमचं, संध्याकाळी निळे-नारिंगी शर्ट घातलेली माणसं डब्यात शिरायची आणि परत येताना बहुतेक वेळा तोंडं पाडून बसलेली असायची. ती तोंडं बघून मी मेट्सची झाले. जिंकणारी टीम हवी असती तर यांकीज होतेच की गावात. मेट्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली ती १९६९ साली आणि १९८६ साली, बस्स.

मी व्यवसायाने अकाउंटंट आहे आणि अण्णा बँकेत कॅशियर होते, त्यामुळे पहिल्याच वर्षी गंमत झाली. मी मोठ्या उत्साहाने तीस टीम्सपुढे तीस आकडे लिहिले, हे ९४ जिंकणार, ते ८८, हे बिचारे ७०, आणि सवयीने खाली रेघ मारून बेरीज केली. आली २५११. आता प्रत्येक टीम १६२ मॅचेस खेळते, टीम्स तीस, एका मॅचला दोन टीम लागतात, म्हणजे सीझनमध्ये एकूण मॅचेस २४३० आणि विजयही २४३०, एक कमी नाही की जास्त नाही, कारण बेसबॉलमध्ये ड्रॉ नसतो, रात्रीचा एक वाजला तरी खेळतात. म्हणजे मी ८१ विजय हवेतून काढले होते! कॅशमध्ये ८१ रुपये जास्त आले तर अण्णा घरी येत नसत, आई पोळ्या झाकून ठेवायची.

तेव्हा मला कळलं की जिंकणारा सांगणं फार सोपं असतं, अवघड काम असतं हरणारा शोधणं. सगळेच फॅन मार्चमध्ये म्हणतात आमचे यंदा दहा मॅचेस जास्त जिंकतील, नवा पिचर (म्हणजे इथला बोलर) आलाय, पोरं वयात आलीत, पण त्या दहा येणार कुणाच्या खिशातून ते कुणी सांगत नाही. तीसही टीम्सच्या फॅन्सच्या मार्चमधल्या आशा एकत्र केल्या तर बेरीज सत्तावीसशेवर जाईल बहुतेक. म्हणून मी ताळा घेते. एखाद्या टीमला पाच दिले की दुसऱ्या कुणाकडून पाच काढायचे, आणि काढताना ज्यांची मॅच मी वर्षात एकदाही बघत नाही त्या पिट्सबर्गचा, मायामीचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, वाचावा लागतो, चौथा पिचर कोण, कुणाच्या कोपराचं ऑपरेशन झालंय आणि तो कधी परत येणार, सगळं.

पद्धत म्हणाल तर साधीच आहे, ८१ पासून सुरू करायचं, म्हणजे निम्म्या. बिल जेम्स नावाच्या माणसाने एक सूत्र काढलंय, टीमने केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. ८०० रन केले, ७०० दिले तर ०.५६६ येतं, म्हणजे १६२ पैकी ९२ च्या आसपास विजय. सूत्र दिसतं पायथागोरससारखं म्हणून नावही तेच पडलंय. त्यावरून ढोबळ हिशोब निघतो की दहा रन्स म्हणजे एक विजय, त्यामुळे एखाद्या मोठ्या खेळाडूने टीमला पन्नास रन्सचा फायदा करून दिला तर पाच मॅचेस वाढल्या. फक्त पाच! क्रिकेटवाल्या माणसाला हे पचत नाही, एकटा विराट मॅच काढून देतो ना, पण इथे सगळ्यात भारी बॅटरलासुद्धा नऊ जणांत एकदा पाळी येते आणि दहापैकी पाच-सहा वेळा तरी तो आऊटच होतो.

तर हे एवढं सगळं करून काय होतं, तेही सांगते.

२०२३. मेट्स आदल्या वर्षी १०१ जिंकलेले, मालकाने ३५ कोटी डॉलर्सच्या वर पगार वाटलेले, तोवर एवढे कुणीच वाटले नव्हते. नावाजलेला पिचर जस्टिन व्हर्लँडर आणलेला, तसाच दुसरा मॅक्स शर्झर आधीपासूनच. मी वहीत लिहिले ९८, आणि स्वतःलाच म्हटलं बघ किती संयम ठेवला. १५ मार्चला वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, म्हणजे देशादेशांच्या स्पर्धेत, पोर्तो रिकोने डोमिनिकन रिपब्लिकला हरवलं, मेट्सचा क्लोजर (मॅच संपवायला शेवटी येणारा पिचर) एडविन डियाझ त्या मॅचमध्ये शेवटची विकेट काढून (हो, मी अजून विकेटच म्हणते) मित्रांबरोबर आनंदाने उड्या मारत होता आणि उड्या मारता मारताच गुडघा गेला, सीझन खलास. खेळताना नव्हे हो, नाचताना. कुठल्या सूत्रात बसवायचं हे? मी ९८ चे ९५ केले. झाले ७५. जुलैअखेर शर्झर टेक्सस रेंजर्सना देऊन टाकला, १ ऑगस्टला व्हर्लँडर ह्यूस्टनला, आणि त्या रेंजर्सनी, जे आदल्या वर्षी ९४ मॅचेस हरले होते आणि ज्यांना मी ७७ देऊन विसरून गेले होते, त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. समोर फायनलला ॲरिझोना, दोन वर्षांपूर्वी ११० हरलेले. मी टीव्ही बंद करून भांडी घासली.

२०२४ ला मी रुसले. मेट्स ७८, त्याहून एक जास्त नाही. पहिल्या पाच मॅचेस हरले, मी वहिनीला फोनवर म्हटलं बघ, यंदा माझं बरोबर येणार. जूनच्या सुरुवातीला २४-३५ झाले होते, म्हणजे २४ जिंकलेल्या, ३५ हरलेल्या. मग १२ जूनला मॅकडॉनल्ड्सचा तो जांभळा गोळा, ग्रिमेस, त्याने मैदानावर येऊन पहिला बॉल टाकला आणि टीम ओळीने सात मॅचेस जिंकली. काळी मांजर आडवी गेली तर थांबणारी मी, मला हे लगेच पटलं, ऑफिसात जांभळा कुर्ता घालून जायला लागले. शेवटी ८९ जिंकले, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेले, डॉजर्सनी हरवलं तेव्हा ऑक्टोबर अर्ध्याच्या पुढे गेला होता. माझा आकडा अकराने चुकला आणि मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते.

पण त्या वर्षीची माझी खरी चूक मेट्सपुढे नव्हतीच. शिकागो व्हाइट सॉक्सना मी ६३ दिले होते. बेसबॉलमध्ये जुनं म्हणणं आहे की कितीही वाईट टीम असो, एक तृतीयांश मॅचेस जिंकतेच, कितीही चांगली असो, एक तृतीयांश हरतेच, भांडण उरलेल्या तृतीयांशासाठी. त्या हिशोबाने ५४ च्या खाली कुणाला लिहायची माझी हिंमत होत नाही. व्हाइट सॉक्स जिंकले ४१. हरले १२१, आधुनिक बेसबॉलमध्ये एवढं कुणी हरलं नव्हतं, तोवर तो मान १९६२ च्या मेट्सकडे होता, १२०. (रेकॉर्ड गेला म्हणून क्वीन्समध्ये थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.) आता बघा, मी त्यांच्या नावावर ठेवलेले २२ विजय त्यांनी घेतलेच नाहीत. मग ते गेले कुठे? वाटले गेले बाकीच्यांत, थोडे डेट्रॉइटला, थोडे कॅन्सस सिटीला, आणि म्हणून वहीतली सगळी पानं सरकली. एक टीम चुकली की एकटी चुकत नाही. पुढच्या वर्षी मी शहाणी झाले, तर व्हाइट सॉक्सऐवजी कोलोरॅडो रॉकीज ११९ हरले.

२०२५ बद्दल बोलायची इच्छा नाही पण विचारलंयत. हुआन सोटो आला, १५ वर्षांचा करार, ७६.५ कोटी डॉलर्स. मी ९६ लिहिले. १२ जूनला मेट्स ४५-२४ होते, सगळ्या तीस टीम्समध्ये पहिले, मी तर मनातल्या मनात वही फ्रेम करून लावली. त्याच दिवशी कोडाई सेंगा, आमचा सगळ्यात चांगला पिचर, पहिल्या बेसवर उंच आलेला थ्रो पकडायला उडी मारली आणि मांडीचा स्नायू दुखावून बसला. तिथून पुढे ३८-५५. सोटोचा दोष नाही, त्याने ४३ होम रन मारले, पिचरच उरले नाहीत. शेवटच्या दिवशी मायामीत नुसतं जिंकायचं होतं, कारण सिनसिनाटीही त्या दिवशी हरले, आणि आमचे ४-० ने हरले, दोघांचेही ८३ आणि आपापसातल्या मॅचेस सिनसिनाटीने जास्त जिंकलेल्या म्हणून प्लेऑफमध्ये ते. तिकडे टोरोंटो, आदल्या वर्षी ७४ वाले, ज्यांना मी ८० दिले होते, ते ९४ जिंकून वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगपर्यंत गेले.

तर मग करतेस कशाला. मी चार वर्षांच्या वह्या काढून बघितल्या, जुन्या बॅलन्स शीट बघतात तशा. ज्या टीम्सशी माझं घेणंदेणं नाही त्यांचे आकडे साधारण सात-आठने चुकतात, कधी जास्त कधी कमी. मेट्सचा मात्र बेरीज करताना शेवटी जे उरतं ते माझ्याही नकळत त्यांच्या नावावर गेलेलं असतं. म्हणजे कुणाचं भविष्य आहे हे? माझंच आहे. २०२३ ला नवी नोकरी होती, ९८ लिहिले. २०२४ च्या मार्चमध्ये आईचं वर्षश्राद्ध करून परत आले होते, ७८. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं, वह्या शेजारी ठेवल्यावर दिसलं.

यंदा पीट अलॉन्सो बाल्टिमोरला गेला, डियाझ डॉजर्सकडे, ब्रँडन निम्मो टेक्ससला. ज्यांच्या नावाचे टी-शर्ट माझ्या कपाटात आहेत ते सगळे गेले. तरी पाडव्याला बसले. दुपारभर खोडाखोड करून बेरीज आली २४३४. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, मिरजेत रात्र झाली होती, त्यांनी पंचांग बाजूला ठेवलं आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "जुळलं का?"

"चार जास्त येतायत, अण्णा."

"तुझ्या टीमला किती लिहिलेस?"

"सत्त्याऐंशी."

"मग त्यातलेच काढ की चार."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि चार यांकीजचे काढले.